रिकम्बंट सायकल पुण्यात चालवणं कितपत आरामाचं, कितपत धोक्याचं?

अण्णा_कोथरूड

नमस्कार मंडळी.

माझं वय ६३. सायकल रोज चालवतो, सकाळी कोथरूडहून चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट आणि परत. गेल्या वर्षापासून मानेचा स्पॉन्डिलोसिस सुरू झाला, त्यात उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर होतात. ऑर्थोपेडिक म्हणाले, वाकून चालवणं बंद. सायकल बंद असं ते म्हणाले नाहीत, हे घरी पटवून देण्यात बरीच शक्ती खर्च झाली.

भाचा नेदरलँड्समध्ये असतो. त्याच्याकडे रिकम्बंट आहे. आरामखुर्चीत बसल्यासारखं मागे टेकायचं आणि पाय पुढे लांब करून पेडल मारायचं. गेलो होतो तेव्हा चालवली. मान खूश, मनगटं खूश. पण तिथे सायकलला रस्ता वेगळा, सिग्नल वेगळा. इथे पौड रोडवर मी त्या बुटक्या वाहनात बसून बसच्या चाकाशी समोरासमोर बोलणार. सौ. म्हणतात, "दिसणार तरी आहात का कुणाला?"

तर पुण्यात कुणी चालवतं का? खरंच आराम वाटतो की नव्याची नवलाई? दोन चाकी की तीन? आणि चढाचं काय? पैशांचं मागाहून बोलू, आधी जिवाचं बोलू.

डबलसीट

पुण्यात रस्त्यावर आडवं व्हायला वेगळी सायकल कशाला हवी, अण्णा? पावसाळ्यात कुठलीही चालते.

शनिवारपेठी

दुपारी १ ते ४ चालवायची नाही एवढं पथ्य पाळा. टेकलं की डोळा लागायचा.

मणक्याची_बाई

फिजिओथेरपिस्ट आहे, सायकलवाले पेशंट बरेच येतात, म्हणून जरा सविस्तर.

अण्णाकाका, ती दोन बोटं बधिर होणं हे सायकलवाल्यांचं नेहमीचं दुखणं. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने अल्नर नर्व्ह जाते, हँडलवर भार दिला की ती दाबली जाते. पण मानेतून निघणारी नस दाबली गेली तरी हीच बोटं बधिर होतात. तेव्हा मूळ मनगटात आहे की मानेत, हे आधी तपासून घ्या. मनगटात असेल तर रिकम्बंटने फरक पडेल, कारण हातावर भारच येत नाही. साध्या सीटवर बैठकीच्या दोन हाडांवर आणि त्यांच्या मधल्या नाजूक जागेवर येणारा भार इथे पाठ आणि कुल्ले मिळून घेतात. तासन् तास बसणाऱ्यांना हा फरक फार मोठा वाटतो.

मानेबद्दल मात्र सरसकट बोलू नये. शर्यतीच्या रिकम्बंटची सीट जमिनीशी २०-२५ अंशांत असते. त्यात रस्ता बघायला हनुवटी छातीकडे ओढून धरावी लागते, म्हणजे मान मागून दुखायची ती पुढून दुखते. तुम्ही ४० अंशांच्या आसपासची, जरा उभी सीट बघा.

आणखी दोन तक्रारी जाहिरातीत नसतात. पाय सतत उंच राहिल्याने तळव्यांना मुंग्या येतात, कधी आग होते. दुसरं, गुडघे. साध्या सायकलवर फार जोर केला तर बूड सीटवरून उचललं जातं. इथे पाठीमागे भिंत असल्यामुळे माणूस जड गिअर रेटत राहतो आणि सगळा ताण गुडघ्यात जातो. हलका गिअर, भरभर पाय.

आणि मोठा खर्च करण्याआधी आहे त्याच सायकलचं हँडल उंच आणि जवळ करून महिनाभर बघाल का?

अण्णा_कोथरूड

ताई, आभार. हँडल दुकानदाराने एकदा उंच करून दिलंय, आणखी करता येतं का विचारतो. नसेची तपासणीही करून घेतो.

बाणेर_ते_बावधन

माझ्याकडे तीनचाकी आहे. पुढे दोन चाकं, मागे एक, त्याला टॅडपोल म्हणतात. बाहेरून मागवली, कस्टम ड्यूटीच्या आकड्याबद्दल घरी अजून कुणी बोलत नाही.

आराम खरा आहे. सकाळी मुळशी करून आलो तरी अंग मोडलेलं नसतं आणि दिवसभर आजूबाजूचं दिसतं. साध्या सायकलवर पुढच्या चाकाकडे बघत जातो हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आता जिवाचं. लोक विचारतात तसं बसवाले आणि ट्रकवाले मला कधी घासून गेले नाहीत, उलट जास्त जागा सोडतात. हे काय येतंय ते कळत नाही म्हणून गाडी हळू होते. धोका आहे तो बाईकवरून मोबाईल काढून शेजारी येणाऱ्यांचा. एक हात हँडलवर, एक हात व्हिडिओला, नजर माझ्याकडे. बालेवाडीत एक जण तसाच चालवत पुढच्या गाडीवर आपटला होता.

रिक्षावाले "किती ॲव्हरेज देते?" विचारतात. त्यांचं काही नाही.

बसल्यावर माझी नजर बसक्या कारच्या ड्रायव्हरपेक्षा थोडी खाली येते. मागे उंच काठीवर झेंडा, दिवसाही लुकलुकणारा दिवा आणि दोन्ही बाजूंना आरसे. आरशाशिवाय ही चालवूच नका, टेकून बसल्यावर मागे वळून बघता येत नाही.

आणि पाय पेडलला बांधलेले हवेत, क्लीट (बुटाचा तळ पेडलला अडकवणारा खटका) किंवा पट्टा. चालत्या गाडीत पाय पेडलवरून निसटून जमिनीला टेकला तर गाडी पुढे जाते आणि पाय सीटखाली मागे ओढला जातो. घोटा मोडतो. हे खड्ड्यात सहज होतं.

कर्वेरोडकर

सविस्तर अनुभव वाचला, तरी पटत नाही. बाणेर-बावधनचा रुंद रस्ता आणि सकाळची वेळ म्हणजे पुणे नव्हे. संध्याकाळी ७ वाजता नळ स्टॉपला या.

सिग्नलला तुमच्या डाव्या-उजव्या बाजूने दुचाक्या घुसणार, त्यांचे सायलेन्सर बरोबर तुमच्या तोंडासमोर. मागे उंच बॉनेटची गाडी उभी राहिली की ड्रायव्हरला बॉनेटखालचं काही दिसत नाही. तुमचा झेंडा तेवढा दिसणार आणि त्याला वाटणार कुठल्या तरी पक्षाची रॅली आहे.

आणि कुत्री! साध्या सायकलवर कुत्रं पोटरीशी येतं, इथे थेट गालाशी.

डबलसीट

कुत्र्याचा मुद्दा धाग्यातला सर्वांत वजनदार मुद्दा आहे. अनुमोदन.

बाणेर_ते_बावधन

@कर्वेरोडकर, नळ स्टॉपला संध्याकाळी मी नेत नाहीच. पण साधी सायकलही नेत नाही. तिथला धोका सायकलच्या उंचीत नाही.

कुत्र्यांचं खरं आहे. थांबून गप्प बसलो की ती गोंधळतात, वास घेतात आणि जातात. आधी माझाच श्वास बंद असायचा.

घाटवेडा

बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड) करतो, त्यामुळे चढाचं मी सांगतो. रिकम्बंटवर पेडलवर उभं राहता येत नाही. चढ आला की आपण सगळे उठतो, वजन टाकतो, दोन मिनिटं बुडाला विश्रांती देतो. यात ते नाही. बोपदेवच्या चढात दोन चाकी रिकम्बंटवाला बघितलाय, वेग इतका खाली येतो की तोल राखायला हँडल डावं-उजवं करत रस्ताभर फिरावं लागतं, आणि मागून एसटी. तीनचाकीला हा प्रश्न नाही. अगदी हलक्या गिअरवर चालण्याच्या वेगाने जा, मध्येच थांबा, ब्रेक लावून पाणी प्या, परत निघा. वेळ जास्त लागतो, पण पडत नाही.

उतारावर उलटं. वाऱ्याचा अडथळा कमी, त्यामुळे जुन्या कात्रज बोगद्यानंतर अशी सुटते की ब्रेकवर ताबा हवा.

लांब पल्ल्याला मनाई नाही. २०० किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात, रिकम्बंटवर ती होते. फ्रान्समधल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या लांब पल्ल्याच्या राइडलाही असल्या सायकली असतात.

जुने_कागद

शर्यतींचा विषय निघालाच आहे म्हणून. ऑस्कर एग्गने १९१४ साली तासात ४४.२४७ किमी कापायचा विक्रम केला होता. तो मोडला १९३३ च्या जुलैत, पॅरिसला, फ्रान्सिस फोर नावाच्या दुय्यम दर्जाच्या मानल्या गेलेल्या सायकलपटूने, ४५.०५५ किमी. त्याच्या बुडाखाली शार्ल मोशेने बनवलेली रिकम्बंट होती. पुढल्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलची व्याख्या अशी बांधली की ही बाहेर पडली. शर्यतीत नाही म्हणून कारखान्यांनी काढली नाही, कारखान्यांनी काढली नाही म्हणून दुकानात नाही.

तेव्हा "इतकी चांगली असती तर सगळ्यांनी चालवली नसती का?" असं कुणी लिहायच्या आधीच उत्तर देऊन ठेवतो. तिला बाहेर काढलं ते धोक्यापायी नव्हे.

शनिवारपेठी

मी तेच टाइप करत होतो.

कर्वेरोडकर

जुने_कागद, माहिती उत्तम, पण वेगवान असणं आणि लक्ष्मी रोडला जिवंत राहणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

जुने_कागद

मान्य. वेगाचंच बोलायचं तर बंद कवचाच्या रिकम्बंटने २०१६ मध्ये अमेरिकेत, नेवाडातल्या बॅटल माउंटनच्या सपाट रस्त्यावर ताशी १४४.१७ किमी गाठले आहेत. नुसत्या पायांच्या जोरावर.

डबलसीट

सिंहगड रोडवर संध्याकाळी दशांश चिन्ह एक घर डावीकडे सरकवा.

तळजाई_सकाळ

लक्ष्मी रोडचं नाव निघालं म्हणून लिहिते. माझा मोठा भाऊ पोलिओमुळे हाताने पेडल मारायची तीनचाकी चालवतो, मंडईपासून स्वारगेटपर्यंत, आमच्या लहानपणापासून. बैठक काही फार उंच नाही, झेंडा नाही, लुकलुकणारा दिवा नाही. "दिसणार का कुणाला" हा प्रश्न त्याला कुणी विचारला नाही, कारण त्याला पर्याय नव्हता. त्याला विचारलं तर म्हणाला, "दिसतो गं सगळ्यांना. दिसतो म्हणून थांबतीलच असं नाही, एवढंच." त्याचा नियम एक: गाडीच्या बाजूला थांबायचं नाही, एक तर पूर्ण पुढे नाही तर पूर्ण मागे. डावीकडे वळणाऱ्या बसच्या डाव्या अंगाला कधीच नाही.

रिकम्बंटवाल्यांना "बिचारे" नजरेचा त्रास होतो असं ऐकलंय. होऊ दे की थोडा.

बाणेर_ते_बावधन

तळजाई ताई, दादांचा नियम वहीत लिहून घेतला. "काय झालं हो पायाला?" मलाही विचारतात. सुरुवातीला समजावत बसायचो, आता "काही नाही, मजेत" म्हणतो.

कर्वेरोडकर

दादांचं म्हणणं पटलं. माझा विरोध निम्म्यावर आणतो.

भोसरी_वेल्डर

मेकॅनिकल इंजिनिअर. कॉलेजात असताना आम्ही मानवचलित वाहनांच्या स्पर्धेसाठी टॅडपोल बनवली होती, भोसरीच्या एका शेडमध्ये रात्री जागून. स्पर्धेत डोक्यावर रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पिंजरा) आणि सीटबेल्ट सक्तीचे असतात, रस्त्यावरच्या गाडीला नसतात. काही गोष्टी हात काळे केल्यावर कळतात त्या सांगतो.

चेन साध्या सायकलच्या अडीच-तीनपट लागते, तीन चेन जोडून एक करावी लागते. मध्ये तिला वळवायला पुली, आणि पायाला ग्रीस लागू नये म्हणून प्लॅस्टिकची नळी. धूळ नळीत गेली की सगळी गाडी करकरते. पुण्याच्या धुळीत चेन पुसणं हे निम्मं काम.

पुढची दोन चाकं वळताना सारख्या कोनात वळून चालत नाहीत, आतलं जास्त वळलं पाहिजे. ते जमलं नाही तर टायर घासून महिन्यात गुळगुळीत. पुढच्या दोन चाकांना वेगवेगळे ब्रेक असतात, एकच जोरात दाबला तर हँडल त्या बाजूला ओढ घेतं. विकत घेतलेल्या चांगल्या गाडीत हे सोडवलेलं असतं, गल्लीतल्या वेल्डिंगमध्ये नसतं. त्यामुळे "बनवून घेतो स्वस्तात" म्हणणाऱ्यांना माझा, वेल्डर असूनही, नकार.

वेगात वळलात तर टॅडपोल आतलं चाक उचलते, तेव्हा अंग आत झुकवायचं. मागे दोन चाकं असलेली डेल्टा ब्रेक मारत वळताना त्याहून लवकर कलंडते.

पडण्याबद्दल: साध्या सायकलवर पुढचा ब्रेक जोरात लागला की माणूस हँडलवरून डोक्यावर किंवा खांद्यावर. गळपट्टीचं हाड मोडतं. रिकम्बंटवर वजन खाली आणि मागे, पुढे उलटणं जवळपास नाही, ब्रेक मनसोक्त दाबता येतो. दोन चाकीवरून पडलात तर कुल्ला आणि कोपर सोलवटतं. पण समोर धडक झाली तर सगळ्यात पुढे तुमचे पाय आहेत, हे विसरू नका.

सासवडचा_पाव्हणा

मला एक सांगा, खड्डा कसा चुकवायचा? आमच्या दिवे घाटाखाली दोन चाकांची सायकल खड्ड्यांच्या मधून काढता येते. तीन चाकं म्हणजे तीन रेघा. एक चुकवला की दुसऱ्यात गेलंच की.

मणक्याची_बाई

सासवडच्या पाव्हण्यांनी मुद्द्याला हात घातला. मी पहिल्या प्रतिसादात हे लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. साध्या सायकलवर खड्डा किंवा स्पीडब्रेकर आला की आपण नकळत बूड उचलतो, दणका गुडघे-कोपर खातात. रिकम्बंटवर उठताच येत नाही. दणका सीटमधून सरळ मणक्यात. ज्याच्या मानेची तक्रार आहे त्याने हा हिशेब आधी करायला हवा. आराम सपाट रस्त्यावर मिळतो, खड्ड्यात वसूल होतो.

घाटवेडा

+१. सोसायट्यांसमोरचे घरगुती स्पीडब्रेकर तर तीनचाकीच्या पोटाला लागतात.

बाणेर_ते_बावधन

मान्य, म्हणून माझी सस्पेन्शनची आहे. जाळीची सीट, रुंद टायर आणि हवा थोडी कमी. वीस इंची चाकं आहेत, त्या मापाच्या ट्यूब लहान मुलांच्या सायकलच्या म्हणून कुठेही मिळतात, टायर चांगला हवा तर शोधावा लागतो. स्पीडब्रेकर तिरका घेऊ नका, सरळ आणि हळू.

सायकल ट्रॅकचं स्वप्न कुणाला असेल तर तेही सांगतो. गाडीची रुंदी पाऊण मीटरच्या वर आहे. आपल्याकडे ट्रॅकवर दुचाक्या चढू नयेत म्हणून तोंडाशी खांब रोवतात. त्या खांबांमधून दुचाक्या जातात, मी अडकतो.

शनिवारपेठी

अवांतर: आमच्या वडिलांच्या वेळी सकाळी कारखान्याची शिफ्ट सुटली की रस्ताभर सायकलीच असायच्या. तेव्हा वेगळा ट्रॅक कुणी मागितला नव्हता, अख्खा रस्ताच ट्रॅक होता.

फक्त_वाचक

एवढ्या पैशात स्कूटर येईल. श्रीमंतांचे चोचले.

डबलसीट

स्कूटर आहे की सगळ्यांकडे. म्हणूनच तर रस्ता असा आहे.

अण्णा_कोथरूड

मंडळी, उशिरा आलो, क्षमस्व. दोन बातम्या आहेत.

पहिली, नसेची तपासणी झाली. बोटांचं दुखणं मनगटात निघालं, मानेत नाही. मान वेगळी दुखते आहे. म्हणजे दोन शत्रू, दोन आघाड्या.

दुसरी, बाणेर_ते_बावधन यांनी मोठ्या मनाने त्यांची तीनचाकी चालवायला दिली. पाषाण तलावाच्या बाजूला, सकाळी. बसताना मांडी घालून जमिनीवर बसावं इतकं खाली जावं लागतं आणि उठताना या वयात कुणीतरी हात दिला तर बरं. पण एकदा बसलो की काय सांगू. हात मोकळे, पंजात मुंग्या नाहीत, तलावावरचे बगळे मान न वळवता दिसले. एक रिक्षावाला थांबून म्हणाला, "काका, राजेशाही!" मी कृतकृत्य.

मग मुद्दाम त्यांना म्हटलं, खराब रस्त्यावर नेऊ. सुतारवाडीच्या बाजूला नेली. सस्पेन्शन असूनही मानेला जाणवलं. पहिल्या काही दणक्यांना नाही, नंतर नंतर. मणक्याच्या बाई म्हणतात ते सोळा आणे खरं.

भीती मला वाटली ती गाड्यांची नाही, चौकात वळताना. समोरच्या गाडीच्या पुढून आपले पाय आधी बाहेर जातात, डोळे नंतर. कोपऱ्यावर उभ्या गाड्या असल्या की पलीकडचं दिसण्याआधीच पेडल रस्त्यात. हे इथे कुणी लिहिलं नव्हतं.

दोन चाकी मी बाद केली, तोल सांभाळायचं वय नाही. तीन चाकी घ्यायची तर सस्पेन्शनचीच, आणि ती पिरंगुटच्या बाजूला सकाळची. शहरात कामाला साधीच, उंच हँडलची. सौ. म्हणतात दोन सायकली ठेवायच्या कुठे. पार्किंगमध्ये आमचा गाळा एका स्कूटरपुरता आहे.

मणक्याची_बाई

काका, तर मग आधी मनगटासाठी हँडल आणि जाड ग्रिप. मानेचे व्यायाम व्यनि (खासगी निरोप) केलेत, ते रोज. तीनचाकीचा निर्णय त्यानंतर घेतलात तर मला बरं वाटेल, भले सायकलवाले माझ्यावर चिडोत.

बाणेर_ते_बावधन

चिडलो नाही. अण्णा, वळणावर पाय आधी बाहेर जातात हे बरोबर आहे. मी कोपऱ्याला चिकटून येत नाही, लेनच्या मधून येतो, म्हणजे थोडं आधी दिसतं. मागून हॉर्न वाजतो, वाजू द्यायचा.

पार्किंगसाठी घडी होणारी येते, सीट आणि मागचं चाक पुढे दुमडतं. पण वजन वीस किलोच्या घरात, लिफ्टमध्ये उभी करून न्यावी लागते. आधी लिफ्टचं दार मोजा.

डबलसीट

आधी सोसायटीचा सेक्रेटरी मोजा. तो म्हणणार हे वाहन दुचाकीच्या गाळ्यात बसत नाही, चारचाकीचा मेंटेनन्स द्या. तीन चाकांचा दर ठरवायला विशेष सर्वसाधारण सभा लागेल.

भोसरी_वेल्डर

भिंतीला उभी टांगायची असेल तर हुक मी करून देतो. हे वेल्डिंग चालेल.

सासवडचा_पाव्हणा

बाणेरकर, मला पण एकदा चालवायची आहे. रविवारी पुण्यात येतोय.

बाणेर_ते_बावधन

या. पाषाण तलावापाशी साडेसहाला, सातनंतर गर्दी होते. बूट घालून या, पट्टा लावावा लागतो. चप्पल घालून आलात तर बसू देणार नाही.